बूच

मामाच्या सगळ्या सदऱ्यांवर
डाव्या खिशाखाली एक निळं शिवार असायचं.
मामी लिंबू-मीठ चोळून त्याची हद्द मागं सारायची,
आठवड्यात ती परत पुढं.
"लिहिलालाव का सांडलालाव?"
तहसिलीतला पेशकार. टोपण लावून नुसता हसायचा.

वाटणीत पेन कुणी मागितला नाही.
अकरा वर्षं सुया-बटणांच्या डब्यात पडून.

उदगीरला, किल्ल्याकडं जाणाऱ्या गल्लीत
मुकर्रमभाईंचं दुकान, अर्धं घड्याळांचं,
अर्धं चष्म्यांचं. पेनांसाठी एकच खण.
त्यांनी मागची घुंडी फिरवली. दट्ट्या अर्ध्यात अडला,
मग हलला, आणि जिथून यायला नको तिथून
शाई नाही, शाईची पूड.
"लिखके नै बिगड्या. रखके बिगड्या."

सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून
पकडीनं मान धरली. कोमट पाण्यात बुडवून
थांबले. घाई केली की नळी तडकते.
मी केली होती, घरी.
तो ओरखडा त्यांनी अंगठ्यानं चाचपला
आणि काही विचारलं नाही.

पाणी जारचं. बोअरचं नको, क्षार धरतं.
नळ येऊन नववा दिवस, तरी तीन वाट्या.
पहिलीत निळं.
दुसरीत जांभळं.
तिसरीत, पार तळातून, हिरवा एक धागा.
हिरवी शाई साहेबाची. मामा साहेब नव्हता.
कुठल्या दुपारी, कुठल्या रद्दी कागदावर
करून पाहिली असेल त्यानं कुणाची सही?

जुनं बूच निघालं वाळल्या बोरासारखं.
नवं होमिओपॅथीच्या बाटलीचं,
पॉलिशकागदावर घासघासून नळीच्या मापाचं,
मग मेणात, व्हॅसलिनात उकळलेलं.
दुकानभर वास, थोडा देवघराचा, थोडा दवाखान्याचा.
घुंडी फिरली. शाई वर चढताना
खिडकीतून दिसली.

मी नाव लिहिलं माझं. खरखर, निब कागद ओरबाडायची.
मुकर्रमभाईंनी पेन घेतला, उजवीकडून डावीकडं
एक ओळ लिहिली. पाण्यासारखी.
मामाची शाळा उर्दूतली, निजामाच्या राज्यातली.
घरचा हिशेब शेवटपर्यंत त्याच वळणात.
"घासू निब?"
नको म्हटलं. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.
ओळीत काय लिहिलंय तेही विचारायचं राहिलं.

रात्रभर टिपकागदावर उभा ठेवला त्यांनी.
सकाळी कागद कोराच. चाळीस रुपये.
एसटीत तीनदा खिसा पाहिला, पांढरा.

मामीनं दारातच खिशाखाली बोटं फिरवली.
आता तिला दिसत नाही फारसं.
"कोरडंच हाय की,"
म्हणाली, जरा वेळ तशीच उभी राहिली,
मग पाटावर बसवलं मला
आणि अर्धं लिंबू
वरणावर पिळलं.