रिव्हर्स

कॉन्टेसा भिंतीकडं तोंड करून उभी होती,
अण्णांनी लावलेली तशीच, सतरा वर्षं.
हळदीच्या पेठेतल्या एका शेठनी
लेथच्या थकल्या बिलांपोटी दिलेली.
"बुडाले ते बुडाले," आई म्हणायची,
"वर हे धूड दारात."

मी आले तेव्हा दोन बॅगा, एक शिलाई मशीन,
आणि पाकिटाच्या पाठीवर लिहिलेल्या
कोर्टाच्या तारखा.
"किती दिवस आलीयास?" गल्लीनं विचारलं.
मी बॉनेट उघडलं.

आत घुशीनं संसार मांडलेला:
सीटमधला काथ्या, उसाची चिपाडं,
अण्णांच्या वहीचा एक कुरतडलेला कोपरा,
त्यावर फक्त 'येणे बाकी' एवढंच वाचता येत होतं.
दारावर महापुराची रेघ,
हँडलच्या वर चार बोटं.
तीच रेघ मागच्या भिंतीवरनं पुढं गेलीय,
आईनं तेवढ्यावरच रंग दिलेला नाही.

मिरजेहून दस्तगीरचाचा आले, सायकलवर.
त्यांचा भाऊ तंबोऱ्याचे भोपळे कोरतो,
त्यामुळंच की काय,
ते आधी कान लावतात, मग पाना.
पुली हलवून बघितली. हलली नाही.
"जाम हाय. मेलं न्हाई.
प्लगच्या भोकांतनं डिझेल ओत,
आणि आठ दिवस हात लावू नको."

आठ दिवस मी काही केलं नाही.
लग्नानंतर पहिल्यांदाच.
नवव्या दिवशी चाचांनी मोठा पाना घातला,
मी दोन्ही पाय रोवून ओढलं,
आणि आत कुठंतरी
पाव इंच
काहीतरी सरकलं.
मी तिथंच, फरशीवर बसून रडले.
चाचा बिडी ओढायला बाहेर गेले
आणि बराच वेळ आत आलेच नाहीत.

मग कुपवाडला हेड, जयसिंगपूरला रेडिएटर,
पगारातनं एकेक.
कार्ब्युरेटर कणकेच्या परातीत, रॉकेलमध्ये.
आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.
तिसऱ्या रात्री तिनं
देवघराखालचा डबा काढला,
त्यात स्टोची पिन होती, गंजू नये म्हणून तेलात ठेवलेली.
"आण इकडं. तुला जमायचं नाही,"
आणि जेट उजेडाकडं धरून
एकेक भोक मोकळं करत बसली,
एक डोळा मिटून.

विजयनगरच्या कोर्टात सही करताना
कारकुनानं माझी नखं पाहिली.
ग्रीस होतं. राहू दिलं.
तो समोर होता, नवीन चष्म्यात.
म्हणाला, "ती गाडी अजून आहे?"
बावीस वर्षांत त्यानं विचारलेला
हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर
मला आवडलं.

डिकीचा पत्रा सोलताना सांध्यात पिवळं सापडलं,
शेठच्या पोत्यांतली हळद,
पुरातही न गेलेली.
घासायला घेतली, आणि मग नाही घासली.
रंगाखाली आहे अजून.

चालू झाली ती एका मंगळवारी, दुपारी, लाईट नसताना.
आधी खोकली, मग धूर,
मग शेजारच्या खिडकीची काच थरथरेल इतका आवाज.
चाचांनी हात वर केला: गप्प.
ऐकलं.
"तिसरा टॅपेट बोलतोय. बोलू दे आज."

पहिला गिअर पडेना. दुसराही नाही.
फक्त रिव्हर्स पडला.
तसंही पुढं भिंतच होती.
मान मागं वळवून, एक पाय क्लचवर,
मी तिला फाटकातनं बाहेर काढली,
आणि गल्लीच्या मधोमध ती बंद पडली.

"किती दिवस" विचारणारे सगळे जमले.
कुणी म्हणालं बॅटरी, कुणी म्हणालं पेट्रोल,
प्रभावळकर मास्तरांनी तर धोतराचा काचा मारला,
ढकलायला.

तेवढ्यात आई आली.
चपला घातलेल्या, हातात पर्स, केस नीट केलेले.
बंद गाडीचं दार उघडलं, पुढं बसली,
पदर आत ओढून दार लावलं,
एकदा नीट लागलं नाही, म्हणून परत.
"चल," म्हणाली.