तिथीची पाऊणपट

कार्तिकी अवसेला तरीच्या होडीतून उतरताना
जेटीचा ओटा माझ्या छातीइतका वर होता.
दोघांनी काखेत हात घालून मला ओढलं
बर्फाची लादी चढवतात तसं.
तिसरा म्हणाला, जपून रे, आत पतपेढी आहे.
सगळे हसले. मीही हसले.
पिग्मीची पिशवी उलटली, चिल्लर पाण्यात.
संध्याकाळी हिशेबात सत्तेचाळीस रुपये कमी,
ते मी माझ्याच पदरचे भरले.

रुमाना सोलकर पोलीस भरतीची तयारी करते.
पहाटे साडेपाचला जेटीवर ती आणि तीन कुत्री.
मी म्हटलं, मला तेवढ्या ओट्यावर चढता आलं पाहिजे,
बाकी काही नको.
ती म्हणाली, काकी, आधी भिंत ढकला.
मला वाटलं चेष्टा करते.

बर्फ कारखान्याची मागची भिंत.
हात खांद्याच्या रेषेत, टाचा जमिनीला,
नाक चुन्यापर्यंत न्यायचं, परत आणायचं.
आठ वेळा. भिंत काही हलली नाही.
माझ्या दंडात काहीतरी हललं होतं,
ते दुसऱ्या दिवशी वेणी घालताना कळलं.

पावतीपुस्तकाच्या मागच्या पानावर लिहीत गेले:
भिंत आठ. भिंत आठ. भिंत नऊ.
भिंत शून्य, जावेकडे बारसं.
भिंत दहा.
बाजारात दारोदार वीस-वीस रुपये गोळा करते मी,
विसाचं पुढे काय होतं
ते मला कुणी सांगायला नको.
तरी स्वतःच्या खात्यावर विश्वास बसायला
शिमगा उजाडला.

मग उपड्या घातलेल्या होडीच्या काठावर हात.
मग चौथी पायरी, पाय खाली ओट्यावर.
तिसऱ्या पायरीला कंबर झोल खाऊ लागली.
दोरी ढिली पडलीय, रुमाना म्हणाली, पोट आवळा.
ती तिसरी पायरी
मला अख्खा महिना पुरली.

इथे घड्याळाचं चालत नाही.
तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते,
बाबांनी जाळ्यासाठी शिकवलेलं
माझ्या जोरांना कामी आलं.
अष्टमीला पहाटे ओट्यावर गुडघाभर पाणी.
मी म्हटलं, आज दुसरी पायरी करायची होती.
ती म्हणाली, भांगाचे दिवस आहेत काकी,
समुद्रसुद्धा रोज उधाण आणत नाही.
दहा बैठका मारा आणि घरी जा.

तिची भरती चैत्रात झाली.
गोळाफेकीत दोन गुणांनी गेली.
दोन दिवस ती जेटीवर आली नाही, कुत्री आली.
तिसऱ्या दिवशी आली. मी काय बोलणार?
तीच म्हणाली,
तुमची भरती दिवसातून दोनदा, माझी वर्षातून एकदा,
एवढाच फरक.
आणि धावत सुटली पुळणीवरून.

वैशाखी अवस. पहिली होडी. ओटा छातीशी.
खलाशाने हात पुढे केला,
मी त्याच्या हातात पिशवी दिली.
तळवे कालवांवर टेकले, पोट आवळलं,
कोपरं लटपटली, अर्ध्यावर अडकले,
ना वर ना खाली, पदर ओला,
आणि तेवढ्यात कुठल्याशा ट्रॉलरची लाट आली.
होडी उचलली, मी उचलले,
गुडघे सोलून पोटावर आडवी
वाळत टाकलेल्या बोंबलासारखी.
कुणी टाळी वाजवली नाही.
खलाशी म्हणाला, सुट्टे पाच द्या.

रुमानाला सांगितलं.
लाटेशिवाय झालं तर धरू, म्हणाली.
खरं आहे.
पुस्तकात लिहिलेलंच होतं: ओटा एक.
तिच्या धाकाने पुढे जोडलं: लाट धरून.
आणि खालच्या ओळीत, उद्याची तारीख घालून:
भिंत आठ. मनगट सुजलंय.