लॉगबुकाचं मागचं पान

कोरियन कुठं खायचं म्हणून विचारतीस, मिथिला,
तर मला एकच जागा ठाऊक आहे
आणि ती ह्या कुपवाडच्या फाटकापासनं
दोनशे तीस किलोमीटरवर आहे.
पुण्याला शिकायला चाललीस, लिहून घे.

रविवारी पहाटे साडेतीनला निघायचं.
पेठ नाक्यावर चहा.
खंबाटकीचा बोगदा संपला की उजाडतं,
मागच्या सीटवरचा माणूस तेव्हा जागा होतो
आणि काच खाली करतो.
तू बसनं जाशील, तुला हे नको.
पण नाम साहेबाचं असंच असायचं.

आडनाव नाम. फौंड्रीतली पोरं हसायची,
"नाव काय?" "नाम."
"अहो, नावच विचारतोय!"

मशीन बसवायला आला होता, चार महिने.
लॉजवर पाव-अंडी, दुपारी कँटीनची आमटी.
भडंग तेवढं मुठीमुठीनं खायचा,
शेंगदाणे शेवटाला ठेवून.
तरी वाळला. पट्ट्याला नवं भोक
मीच पाडून दिलं, खिळा तापवून.
दर दुसऱ्या रविवारी मग गाडी पुण्याला.

तर पत्ता.
औंधाच्या पुढं, पुलाच्या अलीकडं,
टायरवाल्याच्या बाजूनं आत वळायचं.
गुलमोहर आहे, त्याच्या सावलीत एकच गाडी मावते.
समोर जिना. जिन्याशी पाटी, पाच अक्षरं,
नुसते गोल आणि काड्या.
तो वर जायचा. मी खाली.
डब्यातली भाकरी, वांग्याचं भरीत,
मग शीट मागं करून पडायचं.
सहा रविवार.
झोप लागली नाही की लॉगबुकाच्या मागच्या पानावर
ती पाटी उतरवून काढायची. नाव असणार हॉटेलचं,
म्हटलं, कधी कुणी विचारलं तर दाखवता येईल.

सातव्या रविवारी तो अर्ध्या जिन्यातनं परत आला,
काचेवर टकटक केली,
माझा डबा उचलला आणि वर चालू लागला.
डब्यामागं मी.

बूट काढायचे. मोजा फाटका होता माझा,
अंगठा आत वळवून बसलो.
बाई म्हातारी, कंबरेला टॉवेल खोचलेला.
नाम तिला काहीतरी बोलला, माझ्याकडं बोट करून.
"डुक्कर नाही," मला म्हणाला मराठीत,
कुठनं शिकला कुणास ठाऊक.
बाईनं दुसरी कढई काढली,
माझ्यादेखत घासली, मगच चुलीवर ठेवली.

आधी बारक्या वाट्या येतात, आठ-नऊ.
घाबरू नकोस, त्यांचे पैसे नसतात.
कोबीचं ते लाल लोणचं आंबट निघालं तर समज, जुनं आहे, चांगलं आहे.
मग दगडाचं भांडं, आत भात, भाज्या, अंडं,
चुर्र वाजत असतं.
कालवायचं सगळं. पण तळाला हात लावायचा नाही,
खरवड धरू द्यायची.
आमच्या घरी खरवडीवरनं मी आणि दिलशादनं
एकमेकांचे केस ओढलेत,
आणि तिथं तो साहेब चमच्यानं तळ खरडून
पहिला घास माझ्या भांड्यात टाकतो.

त्या दिवशी त्याच्यापुढं हिरवट शेवाळ्याचं सूप होतं,
त्यानं मागितलेलं नव्हतं.
बघत बसला बराच वेळ.
बाई पाठमोरी भांडी विसळत होती, जोरात.
नंतर गाडीत कळलं, वाढदिवस होता.
तिला कसं कळलं, ते त्यालाही माहीत नाही.
एवढ्या वेळा आलाय, कधी बोलला असेल.

आता ती जागा आहे का नाही, अल्ला जाणे.
टायरवाला तर नक्की असेल.

हे बघ ते पान.
डिझेल, टोल, आणि खाली हे.
मोबाइलवर बघून बघून शिकलीस म्हणे तू त्यांची भाषा,
तर वाच, नाव काय हॉटेलचं?

ओल्-ला-ओ-से-यो.
बोट ठेवून ठेवून वाचलंस.
मग गप्प झालीस.

"नाव नाही हो हे, दस्तगीरचाचा.
नुसतं लिहिलंय,
वर या."