बारगीर

मालाडच्या काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर,
रात्रपाळीला माझं काम एवढंच:
एका सज्जन माणसाला बिघडवून बघायचं.

त्याचं कंपनीतलं नाव लांबलचक आहे, फ्रेंच की काय.
आम्ही त्याला भाऊसाहेब म्हणतो.
चिलखत, निळा अंगरखा, ढालीवर बगळा.
राजहंस मागितला होता,
काढणाऱ्याने खाडीकडे बघून काढला असावा.

मी भाऊसाहेबांना भिंतीत घुसवतो,
कड्यावरून पाचशे वेळा ढकलतो,
बाजारातल्या म्हातारीच्या अंगावर घोडा घालायला लावतो.
घोडा ऐनवेळी वळतो. ते ठीक, ते कागदावर आहे:
कलम चार, नायक निष्पापांना इजा करत नाही.

शेजारच्या खुर्चीत निलोफर मुकादम
काळ्या चिलखतातल्याला तपासते, शाप लागलेल्याला.
म्हणते, तुझा फार बोअर आहे रे,
माझा निदान पस्तावतो तरी.

खरंच आहे. असे हजार होऊन गेले.
प्रत्येक खेळात एक असतोच,
राणीपुढे गुडघा टेकणारा, शब्द देऊन बसणारा,
आणि मध्यावर कुठेतरी मरणारा,
खेळणाऱ्या पोराला तलवार सोपवून.
पोरं त्याचं मरतानाचं बोलणं पुढे ढकलतात
आणि तलवार उचलतात.

तर गेल्या मंगळवारी, पावणेतीनला,
पुलावरच्या लढाईत
लुटारूच्या हातून कुऱ्हाड निसटली.
मी बटण दाबलं.
भाऊसाहेब हलले नाहीत.
पुन्हा दाबलं.
तलवारीचं टोक जमिनीला, मान किंचित वळलेली,
रस्ता ओलांडणाऱ्याला वाट द्यावी तसे उभे.
लुटारू वाकला, कुऱ्हाड उचलली, मूठ नीट धरली.
मग वार.

हे कुठल्याच कलमात नाही.
चाळीस वेळा खेळलो, चाळीस वेळा थांबले.
त्यातले तीनदा मेलेसुद्धा.

आत शिरून शोधलं. फाइलच्या तळाशी एक ओळ,
आणि तिच्या डोक्यावर, यंत्राने वाचू नये अशा जागी, मराठीत:
थांब. उचलू दे त्याला.
लिहिणारा सुबोध वाघचौरे.
मार्चमध्ये ज्याला एका खोक्यासह
गेटपर्यंत सोडून आले तो.
मला फारसा आठवत नाही. डब्यात कारलं असायचं.
लिफ्टमध्ये सगळ्यांच्या शेवटी चढायचा,
कधीकधी राहूनच जायचा.

शाळेत पारधी बाईंनी शिकवलं होतं:
स्वतःचा घोडा तो शिलेदार,
सरकारी घोड्यावरचा तो बारगीर.
दोन मार्कांना आलं, मी उलटं लिहून आलो.
आता नीट कळतं.
भाऊसाहेबांचा घोडा कंपनीचा, चिलखत कंपनीचं,
शपथसुद्धा लेखन विभागाने तीनदा बदललेली.
माझा लॅपटॉप, खुर्ची, गळ्यातलं कार्ड, तेच.
फक्त ते थांबणं कुणाच्या नावावर आहे
त्याचा हिशेब लागत नाही.

डिमेलो सरांनी साडेचारला विचारलं,
पुलावर काही सापडलं का?
फॉर्ममध्ये पाच पर्याय असतात.
मी निवडला: पुन्हा घडवता आलं नाही.

कलम एक, नायक खोटं बोलत नाही.
भाऊसाहेबांनी हे केलं नसतं.
निलोफरने विचारलं, हसतोयस काय?
काहीच नाही, म्हटलं. हे दुसरं.

पुढच्या आवृत्तीत कुणीतरी काढेलच ती ओळ.
मीच काढेन कदाचित, सांगितलं तर.

सहाला खाली उतरलो, खाडीच्या कडेने चालत निघालो.
तिवरांच्या मुळांत पिशव्या, चपला, एक हेल्मेट,
आणि त्या काळ्या पाण्यात एका पायावर
बगळा.
आपल्याकडे त्याला ढोंगी म्हणतात.
मासा येईपर्यंत थांबतो, एवढंच,
त्यात थोरपण काही नाही.
तरी मी उभा राहिलो
आणि तो आधी हलेल म्हणून बघत बसलो.