एक हातमोजा

हुसाविकच्या जानेवारीतल्या अंधारात
स्टेइनुननं फ्रिजवर कागद लावला:
दोन स्वेटर, सात जोड मोजे,
मेंढ्या डोंगरावरून उतरायच्या आत.
खाली ओर्मुरनं पेन्सिलीनं लिहिलं:
एक हातमोजा.

चाळीस वर्षं जाळी सांधलेले हात,
पण लोकर त्यांना जुमानत नाही.
सुया तो वल्ह्यांसारख्या धरतो,
टाके मोजतो मोठ्यानं
आणि तिचेही चुकवतो.

एका रात्री, तो घोरायला लागल्यावर,
तिनं त्याचा सुटलेला टाका हळूच उचलला.
सकाळी त्यानं नेमकं तेवढंच उसवलं.
‘भोक माझं आहे.’

सप्टेंबर. मेंढ्या आल्यासुद्धा.
तिचा दुसरा स्वेटर अजून एका बाहीचा.
तो भोकातून करंगळी काढून
तिला हलवून दाखवतो,
मग कागदापाशी जातो;
खोडत काही नाही,
हातमोज्यापुढे फक्त लिहितो:
डावा.