दोन पांढरे

उजव्या डोळ्याची पट्टी सुटली त्या सकाळी
मेडिकल चौकातल्या दवाखान्याची भिंत
इतकी पांढरी निघाली की मी नर्सला विचारलं,
कालच रंग दिला का?
ती म्हणाली, काका, दिवाळीपासून अशीच आहे.

ऑटोत बसून एकेक डोळा झाकून पाहिला.
डावा: चहात बुडवलेलं नागपूर.
उजवा: नीळ घातलेलं.
मधे नाकाची दांडी, दोन गावांची शीव असावी तशी.

इतवारीत माझा स्टुडिओ. एकोणतीस वर्षं
मी लग्नांचे रंग सुधारतो.
हळद किती पिवळी, अंतरपाट किती पांढरा
हे मीच ठरवत आलो, चष्मा कपाळावर ढकलून.
तौसीफनं एकदा स्क्रीनवर टेकवायचं यंत्र आणलं,
वायरीला लटकणारं, कोळ्यासारखं.
म्हणे, हे स्क्रीनचा रंग मोजते, सर.
मी म्हटलं, ठेव बाजूला,
ह्या डोळ्यांनी डार्करूम पाहिली आहे.
त्यानं ठेवलं. खोक्यासकट, स्टेपलरच्या खाली.

खिशात एक करडं कार्डही बाळगायचा तो.
नवरदेवाच्या हातात देऊन पहिला फोटो काढायचा.
लोक म्हणायचे, काय बे, आहेराचं पाकीट रिकामंच का?
मीही हसायचो त्यांच्यात.

काल रात्री जुने फोल्डर उघडले.
उजव्या डोळ्यानं.
सगळे वऱ्हाडी गारठलेले.
मे महिन्यातले, सेहेचाळीस अंशांतले,
कूलरपुढे मान पुसणारे,
आणि गालांवर पहाटे चारची झाक.
भातावर निळं. दातांवर निळं.
माझ्या डोळ्यातला पिवळा मी इतकी वर्षं
दुसऱ्यांच्या लग्नांतून उपसत बसलो होतो.

कोणी तक्रार केली नाही.
एक शकुनबाई हेडाऊ सोडून.

गोळीबार चौकात राहतात, सूत रंगवायच्या.
लेकीच्या लग्नाचं पातळ त्यांनीच रंगवलं,
घरच्याच मागावर विणून घेतलं.
अल्बम उभ्या-उभ्याच चाळून म्हणाल्या,
"हा वांग्याचा रंग नाही जी.
हे तर शाई सांडल्यावानी दिसून राहिलं."
मी म्हटलं, बाई, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही.
त्यांनी पैसे मोजून दिले. पूर्ण.
भाव केला असता तर बरं झालं असतं.

तौसीफला म्हटलं, काढ ते खोकं.
त्यानं काही विचारलं नाही, हे त्याचे उपकार.
स्क्रीन मोजली. स्क्रीन जवळपास ठीकच होती.
मग त्याच लग्नात तो फोटो सापडला:
नवरदेव ओशाळून हसतोय, हातात करडं कार्ड.
ड्रॉपर घेऊन कार्डावर एक टिचकी,
आणि मांडव उन्हात आला.
अक्षता तांदळाच्या झाल्या.
पातळ वांग्याचं झालं,
देठाखाली जे चमकतं, त्या वांग्याचं.

प्रिंट घेऊन गेलो.
शकुनबाईंनी आधी ट्यूबलाइट बंद करायला लावली,
मग फोटो दारात धरला, उन्हाला तिरपा.
"हं," म्हणाल्या. "आता हाये तसा."
आणि आतून तेच पातळ घेऊन आल्या,
लेक माहेरीच ठेवून गेलेली.
घडी मोडली.

दहा वर्षांचं धुणं, दहा वर्षांचं वाळवणं.
लाल आधी उडते, त्या म्हणाल्या, निळा चिवट.
पदर निळसर पडला होता,
थेट माझ्या चुकलेल्या अल्बमसारखा.

"तुमचा फोटो तेव्हा चुकला होता," त्या हसायला लागल्या,
"आता पाहा, बरोब्बर जुळला.
राहू द्या दोन्ही."

डाव्या डोळ्याची तारीख मंगळवारची आहे.
तौसीफ म्हणतो, तोवर सर,
कोणाच्याच रंगाला हात लावू नका.