मिंगेलच्या गॅरेजात

मिंगेलनं फिल्टर पायरीवर आपटला
आणि माझं अख्खं वर्ष खाली पडलं.
"ही लाल, रिवणची. ही काळपट,
सावर्ड्याच्या यार्डाजवळची."
एका घडीत मधमाशी होती,
काजूच्या मोहोरावरून इंजिनाकडे निघालेली.

काउंटरवर दोन खोकी.
कागदी साडेतीनशेला, वर्ष झालं की टाकून द्यायचा.
कापडी चार हजारांना:
धुवा, सावलीत वाळवा, तेल लावा,
गाडी विकलीत तरी तो उरेल.

मी पिग्मी गोळा करणारा माणूस,
पैसे कुठल्या वर्षी फिटतील ते बोटांवर येतं मला.
बाराव्या.
माझी आल्टो आत्ताच चौदाची आहे.

"पात्रांव, पावसात हा तीन दिवस वाळत नाही.
तेल जास्त झालं तर इंजिन शिंकतं.
आणि ओलाच बसवलास, तर मला फोन करू नकोस."
चार हजारांचं गिऱ्हाईक असं कोण घालवतं?

मागे फणसाखाली जुन्या फिल्टरांचा ढीग.
त्यातल्या एका गोल फिल्टरात कोंबडी बसली होती.
लुर्दीननं तिला उठवलं,
दोन अंडी ओच्यात घेतली
आणि आमच्याकडे न बघता आत गेली.

मी साडेतीनशे मोजले.
सवयीनं हात पावतीपुस्तकाकडे गेला.

सोमवारी रिवणच्या वळणावर
पुढे खनिजाचा ट्रक, ताडपत्री सुटलेली.
काच वर घेतली.
बॉनेटखाली, कोऱ्या पानावर,
पहिला हप्ता जमा.